एका आदणाला एक थेंब

आकाराम गुळव्याला एकच डोळा होता आणि त्या एका डोळ्याच्या जिवावर तीन गावच्या उसाचा गूळ होत होता. ही बढाई नव्हे. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या मळीच्या रानात लालासाहेबांचं गुऱ्हाळ आहे. तिथं रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, म्हणजे काहिलीपाशी, अडतीस हंगाम उभा राहिलेला हा माणूस. बाजारात ढेप फोडली की अडते नुसता रंग बघून सांगायचे, "ही आकारामच्या नजरंखालची."

ज्यानं कधी गुऱ्हाळ बघितलं नाही त्याला वाटतं, रस उकळला की झाला गूळ. अहो, तसं असतं तर घरोघरी नसता का केला? रस काहिलीत चढतो, वर मळी येते, ती काढावी लागते. मग फेस उसळतो, बसतो, बुडबुडे मोठ्याचे बारीक होतात आणि बघता बघता पाकाचा रंग फिरतो. नेमक्या त्या घटकेला गुळव्यानं "उतरा" म्हणायचं असतं. जरा आधी म्हणाला तर ढेप धरत नाही, जरा उशिरा म्हणाला तर गूळ करपतो. अशा एका उकळीला आदण म्हणतात. दिवसाला पाच आदणं निघायची, ऊस रेटून आला तर सहा. घड्याळ नाही, काटा नाही. सगळा खेळ नजरेचा.

डावा डोळा तर त्याचा एकोणिसाव्या वर्षीच गेला होता. रस निवळायला चुन्याचं पाणी घालतात, ते ढवळताना उडालं आणि डोळा दुधासारखा पांढरा झाला. तेव्हा म्हातारा गुळव्या त्याला म्हणाला होता, "एक हाय न्हवं? एक बास हाय." आकारामनं ते मनावर घेतलं. उजव्या डोळ्यानं त्यानं जे शिकून घेतलं ते दोन डोळ्यांच्या माणसाला जमलं नाही.

त्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. दोन हंगाम रंग गढूळ दिसायला लागले. काहिलीखालच्या चुलाणात उसाची चिपाडं ढकलणारा गुंडा नावाचा गडी होता, त्याला तो हळूच विचारायचा, "फेस बसला का रं?" आता गुळव्यानं जळण घालणाऱ्याला विचारायचं म्हणजे काय राहिलं? लालासाहेबांच्या ते कानावर गेलंच. भला माणूस, पण धंदा तो धंदा. ते म्हणाले, "तात्या, डोळ्याचं बघून घ्या. न्हाईतर औंदा पन्हाळ्याकडनं माणूस आणावा लागंल."

तीन रात्री आकारामला झोप आली नाही. मग दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो मनुबाईला, म्हणजे बायकोला घेऊन सांगलीला गेला आणि डोळा कापून घेतला.

पट्टी सोडल्यावर त्यानं पहिल्यांदा काय बघितलं असेल? खाटेवरची चादर. "मने, ही एवढी पांढरी हुती व्हय?" म्हणाला आणि हसायला लागला. मनुबाईनं पदर तोंडाला लावला. तिच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिला चादर पांढरी का पिवळी काही कळत नव्हतं. पण आधी मालकाचा डोळा, मग आपला, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंचं नाव अपूर्वा. पोरसवदा होत्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. मनुबाईला अक्षर येत नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्याकडूनच थेंबांच्या दोन बाटल्यांना दोरे बांधून घेतले. एकीला लाल, दुसरीला हिरवा. लाल दोऱ्याची दर आठवड्याला कमी करत दीड महिन्यात बंद करायची.

"आणि ही हिरवी सूज आणि ठणका उतरवायची," त्या म्हणाल्या. "दिवसातून तीन वेळा, एकेकच थेंब, फक्त चौदा दिवस. पंधराव्या दिवशी बाटलीत औषध राहिलं तरी टाकून द्यायचं. तात्यांना शुगर आहे, त्यांची जखम सावकाश भरते. हे औषध जास्त दिवस घातलं तर डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा भरून यायचा सोडून विरायला लागतो. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसायला लागलं, तर मनानं थेंब वाढवायचे नाहीत. सरळ इकडे यायचं. महिनाभर धूर नको, वाफ नको. आणि महिन्यानं परत दाखवायला या."

"व्हय, व्हय," आकाराम म्हणाला. मान हलवायला कुठं पैसे पडतात?

मनुबाईनं मात्र शब्द न् शब्द पदरात बांधून आणला. साबणानं हात धुवायचे, धुतलेल्या फडक्याला पुसायचे. नवऱ्याला पाठीवर निजवायचं, खालची पापणी बोटानं ओढायची आणि वरून एक थेंब सोडायचा. बाटलीचं टोक पापणीलासुद्धा लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा जरा दाबून धरायचा. तिला नीट दिसत नव्हतं म्हणून ती थेंब पडताना श्वास रोखायची. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची होती. पाच मिनिटं म्हणजे किती, तर जपाच्या दोन माळा. हिरव्या बाटलीचा थेंब पडला की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. बेचाळीस रेघा झाल्या. पंधराव्या दिवशी सकाळी तिनं हिरव्या दोऱ्याची बाटली उचलली आणि उकिरड्यावर टाकली.

"अगं ए, निम्मी हाय अजून!" आकाराम ओरडला. "औषध हाय त्ये. वाया घालवतीस व्हय?"

"डाक्टरीणबाईनं सांगितलंय."

तेवढ्यावर त्यानं चपला पायात घातल्या. पण जन्मभर काहिलीच्या कडेचा गूळ खरवडून पोटात घातलेला माणूस तो, त्याला वाया घालवणं कसं बघवणार? परसाकडं जाता जाता त्यानं बाटली उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि कोपरीच्या खिशात टाकली. त्यात पाप होतं असं मी म्हणत नाही. पण पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं झाली.

दिवाळीच्या पाडव्याला उसाचा चरका फिरला. आकारामनं घरी सांगितलं, "लांब बसून नुसतं सांगणार हाय, वाफंत जात न्हाई." मनुबाईला ते खरं वाटलं, कारण तिला खरं वाटून घ्यायचं होतं.

लांब बसून गूळ होत असता तर काय हवं होतं! पहिल्याच आदणाला तो काहिलीवर वाकला आणि चिपाडाचा धूर नि रसाची वाफ एकदम डोळ्यात शिरली. मिरची घातल्यागत आग झाली. डोळ्यातून नुसत्या धारा. समोर फेस चढलाय का बसलाय, काही कळेना. आणि पलीकडं लालासाहेब उभे. आकाराम भिंतीकडं तोंड करून वळला, बाटली काढली आणि एक थेंब सोडला.

थोड्या वेळानं आग विझली. डोळा कसा गार झाला. तो परत वाकला, तर पाक लख्ख दिसला. कापसाच्या फुलासारखा पिवळा, कडेनं तांबूस होत आलेला. दोन वर्षं तो रंग त्याला असा दिसला नव्हता. "उतरा!" तो असा ओरडला की गुंडा दचकला. त्या आदणाची ढेप फोडून लालासाहेबांनी खडा तोंडात टाकला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "तात्या, तुमी म्हंजे तुमीच!"

घात झाला तो त्या थापेनं. माणसाला शिव्या पचतात, शाबासकी पचत नाही.

मग रीतच पडली, एका आदणाला एक थेंब. डॉक्टरीणबाईंचा दिवस तीन वेळांचा, गुऱ्हाळाचा दिवस पाच-सहा आदणांचा. आकारामनं आपला गुऱ्हाळाचा हिशेब धरला. बाटली चुलाणावरच्या कोनाड्यात, धगीत. हात काकवीनं चिकट. ते कुठं धुवायचे, पाक थांबतो का? टोक पापणीला टेकायचं, बोटाला लागायचं. बाटलीच्या तोंडाला मुंग्या लागायच्या. तो फुंकर मारून मुंग्या उडवायचा आणि थेंब घालायचा. घरी संध्याकाळी मनुबाई हात स्वच्छ धुऊन, श्वास रोखून लाल दोऱ्याचा थेंब घालायची त्याच डोळ्यात. तिला काय माहीत!

उकिरड्यावरची बाटली आठवड्याभरात संपली. आकाराम स्टँडजवळच्या जयराजच्या औषधाच्या दुकानात गेला आणि चिठ्ठी पुढं केली. तारखेवर अंगठा ठेवून.

"तात्या, आपरेशनला किती दिस झालं?" जयराजनं विचारलं.

"आठ."

जयराजनं बाटली दिली. दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं नाही आणि तिसऱ्या खेपेला आकारामला चिठ्ठीही न्यावी लागली नाही. "द्या ती हिरवी," एवढं पुरायचं. वास्तविक बाटली हिरवी नव्हती. पण जुन्या बाटलीचा दोरा गाठीसकट सरकवून तो प्रत्येक नव्या बाटलीवर चढवायचा. मनुबाईच्या हातचा दोरा म्हणून असेल, नाहीतर अंधाऱ्या कोनाड्यात चाचपून ओळखू यावी म्हणून असेल. खोटं बोलणारा थोर की खोटं ऐकून घेणारा, ते देवाला ठाऊक. मला विचाराल तर मी दोघांच्याही कानाखाली आवाज काढला असता.

महिना झाला. मनुबाई म्हणाली, "आवं, सांगलीला जायाचं हाय. दाखवाया बोलावलंय."

"हंगाम सोडून? आन् दाखवायचं काय? दुखतंय का मला? न्हाई न्हवं?"

खरंच दुखत नव्हतं. एकदाही नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे दुखणं येतानाही मुंगीच्याच पावलानं आलं.

दीड महिन्यानं लाल बाटली ठरल्याप्रमाणं बंद झाली. मनुबाईला वाटलं, सुटलो एकदाचे. कधीमधी ती त्याच्या तोंडाजवळ जाऊन बघायची आणि म्हणायची, "डोळा जरा भुरकट वाटतोय जणू." तो हसायचा, "तुझाच मोतीबिंदू दिसतोय तुला." ती मागं सरायची. आपल्याच नजरेवर तिचा भरवसा नव्हता ना!

पौषात दिव्याभोवती कडी दिसायला लागली. सकाळी पापण्या चिकटायच्या. मग एक आदण करपलं. अडतीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. लालासाहेब बोलले नाहीत. खडा तोंडात टाकला, थुंकला आणि निघून गेले. त्या न बोलण्यानं आकाराम इतका भ्याला की दुसऱ्या दिवसापासून एका आदणाला दोन थेंब पडायला लागले. डोळा धूसर झाला तर सरळ इकडे या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण तिकडं जाणं म्हणजे काहिलीवरून खाली उतरणं, आणि एकदा उतरलेल्या गुळव्याला परत कोण चढू देतो?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या आदणाला, तो काहिलीवर वाकला होता. गालावरून कोमट पाण्याचा एक ओघळ आला. घाम असेल म्हणून त्यानं मनगटानं पुसला. मान वर केली तर काहील दिसेना. नुसती वाफ, सगळीकडं पांढरी वाफ.

"गुंडा, आज धूर लय झालाय रं?"

"न्हाई की तात्या. वारा हाय आज. धूर कुठाय?"

आकाराम उभा राहिला. कानावर पाकाचा आवाज येत होता, बुडबुड, बुडबुड. त्यानं अंदाज केला आणि ओरडला, "उतरा!"

गुळव्याच्या शब्दाला गुऱ्हाळावर कोणी उलट विचारत नाही. चौघांनी काहील उतरवली आणि पाक निववायच्या वाफ्यात ओतली. रस होता नुसता, पाक नव्हताच झाला. तो पाण्यासारखा पसरत पायांपर्यंत आला तेव्हा गुंडानं गुळव्याच्या तोंडाकडं बघितलं आणि किंचाळला. उजव्या डोळ्याच्या बुबुळाला मधोमध भोक पडलं होतं.

सांगलीच्या त्याच दवाखान्यात, त्याच खाटेवर त्याला निजवलं. मनुबाई त्याची कोपरी उतरवत होती. खिशातलं काहीतरी हाताला लागलं म्हणून तिनं काढलं. बाटली. तिनं ती डोळ्याजवळ नेली, पण दोरा तिला बोटांनीच आधी ओळखू आला. दुहेरी गाठ, तिनंच मारलेली.

"ही मी टाकली हुती," ती म्हणाली. "बाई, ही मी टाकली हुती वो!"

डॉक्टरीणबाईंनी बाटली घेतली, वास घेतला, तोंडाला चिकटलेली मेलेली मुंगी बघितली. "रोज किती थेंब?"

"आदणाला येक," आकाराम म्हणाला. "मागनं दोन."

"किती दिवस?"

"पाडव्यापस्नं."

"तात्या, दुखलं नाही तुम्हाला? इतकं होईपर्यंत?"

"एकदाबी न्हाई," तो म्हणाला. आवाजात अजून थोडा अभिमान होता, ऐकवत नव्हता तो. "लय गुणकारी औषध हुतं बाई."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. बाटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "दुखलं असतं तर तुम्ही आला असता. ते औषध दुखणं दाबतं. तुमचा धूर, तुमची साखर आणि रोजचे इतके थेंब. जखम भरायच्या ऐवजी आतल्या आत विरत गेली आणि तुम्हाला कळलंच नाही."

भोक बुजवलं, महिन्याभरानं दुसऱ्याच्या डोळ्याचा पडदाही बसवून बघितला. तो धरला नाही. डोळ्याचा गोळा वाचला, नजर गेली. उजेड कुठून येतोय एवढं कळतं, बाकी दोन्हीकडं पांढरं.

घरी आल्यावर मनुबाईनं आठ दिवस रडून घेतलं आणि नवव्या दिवशी तिचा संताप फुटला. "ह्या भिंतीवर बेचाळीस रेघा हायत्या! एक चुकवली न्हाई मी. माझ्या हातात डोळा हुता तवर चांगला हुता. आन् तुमी? कुणासाठी केलंसा? त्या गुळासाठी?"

आकाराम खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मला भ्या वाटलं गं." एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला असलं काही सांगितलं नव्हतं. तिनं पुढं तो विषय काढला नाही.

पुढच्या साली पन्हाळ्याकडचा माणूस आला. दसऱ्याच्या आधी आकारामनंच विषय काढला, "आता तुझा डोळा कापून घे. हंगामाच्या आधी." ती नको नको म्हणत होती. तुमचं कोण बघणार, भाकरी कोण थापणार. तो हट्टाला पेटला. शेवटी शेजारची दगडाबाई बरोबर गेली आणि मनुबाईचा उजवा डोळा झाला.

दोरे त्यांनी तेच बांधले, लाल नि हिरवा. थेंब दगडाबाई घालायची. पण आंधळा आकाराम उशाशी बसून असायचा आणि तिला भंडावून सोडायचा. "हात धुतलंस? साबणानं? फडकं कुठलं हाय त्ये? टोक लागलं न्हाई न्हवं?" दगडाबाई वैतागायची, "आवं तात्या, मी काय पहिल्यांदा हात धुतीया व्हय!" पाच मिनिटांसाठी तोच माळ ओढायचा, दोन वेळा, आणि दुसरी माळ पुरी झाल्याशिवाय दुसरं झाकण उघडू द्यायचा नाही. त्यानं बेचाळीस खडे एका गाडग्यात मोजून ठेवले होते. हिरव्या बाटलीच्या थेंबाला एक खडा दुसऱ्या गाडग्यात.

पंधराव्या दिवशी सकाळी पहिलं गाडगं रिकामं होतं. त्यानं आत हात घालून सगळीकडून चाचपलं आणि म्हणाला, "आण ती बाटली."

"निम्मी हाय अजून," मनुबाईच्या तोंडून निघून गेलं. म्हटल्यावर तिनंच जीभ चावली.

त्यानं हात पुढं धरला. तिनं बाटली हातावर ठेवली. त्यानं आधी दोरा सोडून खिशात घातला, मग चुलीपाशी सरकत गेला आणि राखेवर बाटली उलटी करून दाबत राहिला. थेंब पडायचे थांबले तरी दाबत राहिला. मग रिकामी बाटली दगडाखाली ठेचली.

मनुबाई समोर बसून बघत होती. चौदा दिवस लावलेला काळा चष्मा आज उतरला होता, डोळा चांगला उघडला होता तिचा. दारातून ऊन आत आलं होतं आणि ते त्याच्या तोंडावर पडलं होतं. इतके महिने तिनं हे तोंड रोज बघितलं होतं, पण आपल्या मोतीबिंदूतून. तिला दोन भुरकट डाग दिसायचे आणि ती मनाला समजवायची, माझ्याच डोळ्याचा दोष असेल. आज पहिल्यांदा तिला दिसलं. उजवं बुबुळ खरवडल्यासारखं, आत ओढलेलं, पांढरं. त्यावरची एकेक शीर मोजून घ्यावी इतकं स्वच्छ दिसलं.

तिला हुंदका आवरेना.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "दिसंना का? आग हुतीया का? सांग, आत्ता सांगलीला जाऊ."

"न्हाई," ती म्हणाली. "दिसतंय. लय चांगलं दिसतंय."

ती काय बघतेय ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं मान हळूच भिंतीकडं वळवली. मळीच्या रानातून चरक्याचा आवाज येत होता.

"पदरानं पुसू नगंस," तो म्हणाला. "चोळू नगंस डोळा. आधी हात धू."